ठिपक्यांचं खानदान

रामपायलीत सत्यभामाबाईच्या तोंडाला तोंड देईल अशी एकच बाई होती, आणि ती तोंड देतच नव्हती. सत्यभामेची खरी पंचाईत हीच. धाकटी जाऊ दुर्गाबाई भांडली असती, तर सत्यभामेनं तिला भर चौकात चीत केलं असतं. पण दुर्गाबाई कशालाही "हौ बाई" म्हणायची, आणि शेवटी चांगली वस्तू नेमकी तिच्याच पदरात पडायची.

घराची वाटणी झाली तेव्हाही असंच झालं. मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही तिकडची रीत. सत्यभामेचा नवरा तेजराम हा सरळ माणूस. त्यानं देवाची शपथ घेऊन सारखे वाटे पाडले. धाकट्या हिरालालनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं खाली पाहिलं, आणि बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या काठची भाताची बांधी नि दुभती म्हैस तिकडे गेली. सत्यभामेच्या वाट्याला रस्त्याकडची बांधी आणि भाकड म्हैस आली. मग अंगणात मधोमध मातीची भिंत उभी राहिली. ती इतकी बुटकी की पलीकडच्या तव्यावर काय चाललंय ते नाकाला आधी कळायचं.

त्या दिवसापासून सत्यभामेच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही. पलीकडे म्हैस व्याली, की दुखायचं. पलीकडच्या भाताला वास सुटला, की दुखायचं. एकाच गोष्टीचा तिला आधार होता. दुर्गाबाईला तिन्ही मुली. सत्यभामेला एकच, पण मुलगा, प्रेमलाल. "माह्या घरचा दिवा जळत राहीन," असं ती भिंतीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची.

पण त्या दिव्याचं लग्न होऊन तीन वर्षं उलटली होती. सून सीता अजून रिकामीच होती. पलीकडे मात्र मुली एकीमागून एक बाळंतपणाला माहेरी येत होत्या, आणि छपरीतला पाळणा म्हणून काही खाली उतरत नव्हता. दुपारी अंगाई सुरू झाली की सत्यभामा उगाच जात्यावर बसायची.

वाटणीतून मांजर तेवढी सुटली होती. मनी दोन्ही घरांची. सकाळचं दूध इकडे, रात्रीचं तिकडे, आणि उंदीर मारायचे दोन्हीकडच्या कोठ्यांतले. ही गोष्ट सहासष्ट सालची. त्या हिवाळ्यात धानाची मळणी चालू असताना चंदन नदीकाठच्या बांबूच्या रानातून एक वाघाटीचा बोका तणसाच्या गंजीवर येऊन बसायला लागला. वाघाटी म्हणजे रानमांजर. अंगानं घरच्या मांजराएवढीच, पण अंगभर काळे ठिपके, डोक्यावर रेघा आणि कानांमागे पांढरा डाग. एरवी ती कोंबडी उचलते आणि माणसाची चाहूल लागली की नाहीशी होते. हा बोका मात्र कोंबड्यांकडे ढुंकूनही पाहत नव्हता. तो मनीसाठी येत होता.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मनीनं गंजीत पिल्लं घातली. चार झाली, दोन जगली. दोघांच्याही अंगावर ठिपके. अख्खं गाव पाहायला आलं. ज्यांच्या कोठ्यांतलं धान उंदरांनी पोखरलं होतं, ते तर हात जोडूनच उभे राहिले. वाघाटीचं रक्त आणि घरची सवय एका अंगात आली, तर गावात उंदीर औषधालाही सापडायचा नाही, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं.

पिल्लं दूध सोडायला आली तशी दुर्गाबाई दोघांना टोपल्यात घालून भिंतीशी आली.

"बाई, दोन घरं, दोन पिल्लं. मागं आम्ही उचललं, आता तुम्ही उचला."

सत्यभामेला हे खरंच वाटेना. तिनं टोपल्यात वाकून पाहिलं. एक बोका होता, दुसरी भाटी. बोका दांडगा, शेपूट जाड, ठिपके कोळशानं काढल्यासारखे ठळक. भाटीच्या अंगावर मात्र मधल्या दिवसांत राखाडी लव वाढली होती आणि तिचे ठिपके त्यात बुडाले होते. मळलेल्या बोळ्यासारखी दिसत होती बिचारी. सत्यभामेनं फार विचार केला नाही. वळू चांगला तर वासरं चांगली, हे कटंगीच्या बाजारात कोणीही सांगेल. खानदान नराचं चालतं. भाटी काय, कोणाच्याही घरी जाते.

"मी बोका घेतो," ती म्हणाली.

"हौ बाई," म्हणून दुर्गाबाईनं राखाडी बोळा पदरात गुंडाळला आणि ती गेली. त्या रात्री सत्यभामा कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

बोक्याचं नाव तिनं पहिलवान ठेवलं. त्याला वाघ करायचाच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्याला कच्चे मासे, कोंबडीची आतडी, बाजारातून आणलेले सुके झिंगे. दुर्गाबाई एकदा भिंतीवरून म्हणाली, "कच्चं नका देऊ त्याले बाई, रानाची याद येते. शिजवून, मऊ भातात कालवून द्या. अन् रोज हाती घ्या, नाई तं मोठा झाल्यावर अंगाले हात लावू देणार नाई." झालं! दुसऱ्या दिवसापासून कच्च्या माशांचा वाटा दुप्पट झाला. दुर्गाबाईचं ऐकून वागण्यापेक्षा सत्यभामेनं पहिलवानाला जिवंत कोंबडीच दिली असती.

पलीकडे दुर्गाबाईच्या मुलींनी भाटीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरवत वाढवलं. मोडक्या फणीनं तिचे केस विंचरले. एका फुटक्या घमेल्यात कोंड्याची राख घालून तिला तिथं बसायची सवय लावली. या जातीला पाण्याचं भारी वेड, हे ओळखून तिला खेळायला एक परात पाणी वेगळं ठेवलं. पावसाळा सरता सरता राखाडी लव झडली आणि खालून असे ठिपके निघाले, की पाहणारा पाहतच राहावा. कपाळावर तर मधोमध एक, गोल. तिचं नाव टिकली पडलं. सत्यभामेनं भिंतीवरून तिला पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ठिपके लपवून ठेवले होते, असंच तिला वाटलं.

पहिलवानाचं वेगळंच चाललं होतं. देखणा तो होताच, पण मांडीवर यायचा नाही, उचललं तर ओरबाडायचा. दिवसभर सगळ्यांत उंच वाशावर बसून घराकडे असा बघायचा, की घर त्याचं आहे आणि माणसं भाड्यानं राहतात. पाण्याचं वेड त्यालाही होतं, पण त्याला परात कोणी ठेवली नव्हती. तो बादलीत पाय बुडवायचा, न्हाणीत लोळायचा, आणि एक दिवस त्यानं प्यायच्या पाण्याच्या रांजणात घाण केली.

तेजराम रांजणाजवळ कपाळाला हात लावून उभा राहिला. "हे मांजर हाये का कोण हाये? उद्या हे माह्या ताटात बसन!"

"वाघाचं रक्त हाये थे," सत्यभामा म्हणाली. "तुमच्यासारखं गुळमुळीत नाई."

रांजण घासायचं काम सीतेकडे आलं. पहिलवानाचं सगळंच तिच्याकडे आलं होतं. ती फार बोलत नसे. सासूच्या पाठीमागे भात शिजवून ती त्याला हातावर भरवायची, आणि घरात फक्त तिलाच तो अंगाला हात लावू द्यायचा. सत्यभामेनं हे पाहिलं होतं. तिला तेही आवडलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी टिकली व्याली. चार पिल्लं, त्यांतली तीन ठिपक्यांची. आता मात्र सत्यभामेच्या भिंतीपलीकडे जत्राच भरायला लागली. कटंगीहून माणसं आली, वाराशिवनीहून आली, भरवेलीच्या खाणीतले लोक सायकली दामटत आले. सगळ्यांच्या तोंडी "दुर्गाबाईची मांजरं". कोणी साडीचोळी आणली, कोणी नुसतं पाया पडलं. दुर्गाबाई प्रत्येकाला बसवून सांगायची, की पहिले काही दिवस उबेत ठेवा, कच्चं देऊ नका, बांधू नका, पाणी वेगळं ठेवा. एवढ्या मानानं गावात कोणी तिचं कधी ऐकलं नव्हतं. इकडे सत्यभामा सुपात तांदूळ घोळत बसली होती आणि तिचे खडे निवडायचे राहून जात होते.

"थांबा म्हणा," ती सीतेला म्हणाली, "माहा पहिलवान जवान झाला हाये. एकदा त्याचं खानदान सुरू झालं, की टिकलीले कोण पुसते!"

मग सोयरीक पाहावी तशी तिनं पहिलवानासाठी भाटी पाहायला सुरुवात केली. पहिली आणली शेजारच्या रुख्माबाईची पांढरी. तिला कोठीच्या खोलीत ठेवलं, दूधभात दिला. पहिलवानानं गावातले बाकीचे बोके असे पिटाळले, की एकही आसपास फिरकेना. दोघांचं जमलंही छान. सत्यभामा रोज पांढरीच्या पोटाला हात लावून पाहायची. काही नाही. पांढरी खाऊन खाऊन नुसती लठ्ठ झाली.

"वांझ हाये मेली," सत्यभामा म्हणाली. "सीता, देऊन ये जाय तिची तिले."

सीतेनं पांढरीला टोपल्यात घातलं, वर कापड बांधलं आणि पोचवून आली.

मग भरवेलीहून सत्यभामेच्या भावानं एक तांबडी पाठवली. तिच्यातही काही नाही. तीही वांझ ठरली आणि टोपल्यात बसून गेली. मग रामाच्या देवळाजवळच्या अनुसयेची राखी. अनुसयेनं हातापाया पडून सांगितलं होतं, की माझी एकुलती आहे, जपा. राखी सगळ्यांत जास्त दिवस राहिली. सत्यभामेनं तिला साजूक तूपसुद्धा चाटवलं, जे तिनं सुनेला कधी दिलं नव्हतं. पण राखीचं पोट काही वर आलं नाही.

"एकही धड भाटी उरली नाई गावात," सत्यभामा कडाडली. "सगळ्या माह्याच नशिबाले वांझोट्या!"

चुलीजवळ सीता होती. तिनं मान वर केली नाही. राखीला टोपल्यात घालताना तिचे हात नेहमीपेक्षा हळू चालत होते, एवढंच.

पुढच्या हिवाळ्यात भिंतीपलीकडे एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. टिकली पुन्हा व्याली, आणि दुर्गाबाईची मधली मुलगी शीला बाळंत झाली. मुलगा. हिरालाल स्वतः गूळखोबरं घेऊन भावाच्या दारी आला. सत्यभामेनं ताटली घेतली, हसली, "चांगलं झालं भाऊजी," म्हणाली आणि ताटली आत नेऊन उतरंडीमागे आदळली. तिला असं वाटत होतं की त्या घरात जे जे जन्माला येतंय ते सगळं तिच्याच घरातून कोणीतरी उचलून नेलंय. मांजर इथली. बांधी इथली. पाळणासुद्धा मुळात सासऱ्यानं प्रेमलालसाठी केलेला, आणि वाटणीत तिकडे गेलेला. हेवा काही वाईट वस्तू आहे असं तिला वाटतच नव्हतं; तिला तो आपला हक्क वाटत होता.

त्या रात्री जेवताना तिनं सांगून टाकलं.

"कटंगीच्या महागूची पोरगी हाये. धडधाकट, घरकामाची. मी उद्या पाह्यले जातो. प्रेमलालचं दुसरं करून टाकू."

तेजराम घास हातात धरून थांबला. "अन् हे पोरगी?"

"हे राह्यन. खायाले काय कमी हाये? नाई तं जाईन आपल्या माहेरी."

प्रेमलाल खाली मान घालून जेवत होता. पाच वर्षांत त्यानं या विषयावर हूं की चूं केलं नव्हतं. दोष ठरला होता, तो आपल्याकडे नव्हता, मग बोलायचं कशाला, असं त्याचं सोयीचं गणित होतं. सीतेनं त्याच्या पानात भात वाढला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सत्यभामा ठेवणीतलं लुगडं नेसली. कटंगीची बस दुपारची. प्रेमलाल पिशवी घेऊन छपरीत बसला होता. मुलगी पाहायला आधी आईनंच जायचं, त्यानं फक्त बसपर्यंत पोचवायचं, असं ठरलं होतं. तेवढ्यात सीता बाहेरून आली. कमरेवर रिकामं टोपलं होतं.

"कुठं गेलती?" सत्यभामेनं दरडावून विचारलं.

"अनुसयामावशीकडं. राखी पाह्यले."

"तिले काय पाह्यचं रिकामचोट!"

"चार पिल्लं झाली तिले," सीता म्हणाली. "काळीपांढरी. देवळापाशी थो काळा बोका राह्यते ना, त्याची."

सत्यभामा निऱ्या सारखी करत होती, ती थांबली. सीता पुढं बोलत राहिली. आवाज चढलेला नव्हता. पण तिला आता कोणी थांबवलं असतं तरी ती थांबली नसती.

"पांढरीलेही झाली. तुम्ही नेऊन दे म्हणलं, अन् दोन महिन्यांनी रुख्माबाईच्या खाटेखाली तीन पिल्लं. तांबडीले पाच झाली म्हणून मामानं सांगतलं. तिघींलेही मीच टोपल्यात घालून बाहेर काढलं होतं, आत्याबाई. तिघींलेही तुम्ही वांझ म्हणलं. त्याहिच्यात खोट नोयती. खोट आपल्या बोक्यात होती."

मग भिंतीपलीकडचा झाडूचा आवाज बंद झाला.

सत्यभामेला झाडू थांबलेला आधी कळला आणि सुनेचं बोलणं नंतर. दुर्गाबाईनं ऐकलं! हात उचलून सीतेच्या तोंडात द्यावी, टोपलं चुलीत घालावं, आणि सरळ बस धरावी. कटंगीहून धडधाकट पोरगी आणावी आणि वर्षाच्या आत पाळणा बांधून भिंतीपलीकडच्या त्या बाईचे कान फाटतील अशी अंगाई म्हणावी. हे सगळं तिच्या मनात एका दमात येऊन गेलं. आणि त्याच दमात महागूची ती न पाहिलेली पोरगी तिला आपल्या चुलीजवळ बसलेली दिसली. तोंड खाली घातलेली. तिलाही वर्ष झालं, दोन झाली. मग तिचंही टोपलं बांधायचं, आणि तिसरी पाहायला जायचं. तोवर गाव गप्प बसणार होतं थोडंच! पांढरीचं, तांबडीचं, राखीचं गावाला सगळं ठाऊक होतं. बायका तोंडाला पदर लावून हसत असतील, तेही आताच तिच्या ध्यानात आलं.

तिनं प्रेमलालकडे पाहिलं. आपला एकुलता एक, आपला दिवा. तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. त्याचं तोंड उतरलं होतं. एवढी पाच वर्षं तो कशाला गप्प होता, ते तिला त्या तोंडावरून कळलं. तिचा जीव तुटला. त्याला पोटाशी धरावं आणि सुनेला हाकलावं, असं तिच्यातली आई म्हणत होती.

सीता दारात तशीच उभी होती. ती रडत नव्हती. मारलं तर मार खाऊन उभी राहील अशी उभी होती.

"सीता," सत्यभामा म्हणाली, "थे टोपलं ठेव अन् माह्यासाठी पाणी आण."

पाणी पिऊन ती खाली बसली. मग म्हणाली, "कटंगीले नाई जात मी."

"काहून माय?" प्रेमलालनं विचारलं.

"आपुन बालाघाटले जाऊ. तू अन् मी. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पहिले तुले दाखवू. सुनेचं मंग पाहू."

प्रेमलाल ताडकन उठला. लाजेनं की रागानं, त्याचे कान लाल झाले होते. तो भिंतीकडे बोट दाखवत दबक्या आवाजात म्हणाला, "माय, हळू बोल! तिकडं काकू आयकून राह्यली."

सत्यभामेनंही भिंतीकडे पाहिलं. पलीकडे पाळण्याची करकरसुद्धा थांबली होती. सारं घर कान लावून बसलं होतं, आणि उद्या पाणवठ्यावर हेच बोलणं निघणार होतं. पोटात ते जुनं दुखणं एकदा कडकडून उठलं. तेवढं तिनं गिळलं.

"आयकू दे," ती म्हणाली, आणि तेच सगळं पुन्हा एकदा, आधीपेक्षा मोठ्यानं सांगितलं.